वेताळाचं कपाळ तापलं

आमच्या पाड्यावर एक नियम आहे. बोहाड्यात सोंग नाचायला लागलं, की ते कुठं चाललंय, का चाललंय, हे विचारायचं नाही. बोहाडा म्हणजे आमच्या मोखाड्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. संबळ वाजतो, पिपाणी वाजते आणि एकेक देव, राक्षस, वेताळ अंगणात नाचून जातो. मुखवटा चढला की आत कोण आहे ते विसरायचं. आत तुमचा सख्खा काका असला, तरी विसरायचं.

विसरले असते हो. पण त्या काकाच्या कपाळाला चटका मीच लावला होता!

थांबा, असं मधूनच नको. माझी अब्रू गेली ती जरा क्रमाने जाऊ द्या.

मी सुनी. बी.ए. झाले, इतिहास घेऊन. घरी बसले असते तर भिका आजाने रोज एक स्थळ आणलं असतं. भिका आजा म्हणजे पाड्यातला सगळ्यात जुना माणूस, त्यामुळे सगळ्यांचाच आजा. त्याच्या तावडीतून सुटायला मी जव्हारला सौरदिवे दुरुस्तीच्या वर्गात नाव घातलं. सगळ्या बायका-पोरीच. विजेशी आमची ओळख म्हणजे ती कधी येते आणि कधी जाते, एवढीच.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकीच्या हातात एक बारीक एलईडी दिवा ठेवला.

"हा म्हणजे हावरट पोर," सर म्हणाले. "समोर ठेवाल तेवढं खातं आणि पोट फुटून मरतं. म्हणून मध्ये हा रेझिस्टर लावायचा. हा म्हणजे मोजून वाढणारी आई."

निम्म्या जणींनी आईला न विचारताच पोराला जेवायला बसवलं. फट्! फट्! फट्! वर्गात लाह्या फुटल्यासारखा आवाज.

रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, दोन्हीकडे तारेच्या मिशा, अंगावर रंगीत पट्टे. ते पट्टे क्रमाने वाचले की तो विजेला किती अडवतो ते कळतं.

"सोनेरी पट्टा उजव्या हाताला धरायचा आणि डावीकडून वाचायचं," सर म्हणाले.

"का?" मी विचारलं.

"धरायचा म्हणून धरायचा. कारण पुढच्या आठवड्यात."

झालं! माझं डोकं फिरलं. 'करायचं म्हणून करायचं' हे ऐकतच मी मोठी झाले. आता तांदळाएवढ्या वस्तूनेही मला हेच ऐकवायचं? मनात म्हटलं, रंग तेच, पट्टे तेच. कुठूनही वाचा, काय फरक पडतो!

आणि तेवढ्यात बोहाडा आला.

आमचा पांडूकाका दर वर्षी वेताळाचं सोंग घेतो. मी म्हटलं, "काका, या वर्षी वेताळाचे डोळे पेटवू या का?"

काका उडालाच. "खरंच पेटतील गं, सुने?"

"लाल लाल. लोक बघत राहतील."

बॅटरी घेतली फवारणीच्या पंपाची. सरांनी सांगितलं होतं, तसल्या बॅटरीला बाराशे ओहमचा रेझिस्टर लाव: तपकिरी, लाल, लाल. मी डबा धुंडाळला. सापडला! सोनेरी पट्टा डाव्या हाताला होता, पण पुढे बरोबर तपकिरी, लाल, लाल. तसाच आणखी एक काढला. दोन डोळ्यांना दोन.

आता तुम्ही तो दाणा फिरवून वाचा. लाल, लाल, तपकिरी. म्हणजे दोनशे वीस! अडवायला उभा केलेला शिपाईच दार सताड उघडून बसला होता.

पण मला काय पत्ता? घरी जोडून बघितलं तर डोळे असे भडकले की मीच टाळ्या वाजवल्या. लगेच बंद केलं. हे प्रकरण तापायला जरा वेळ घेतं, हे मला कोण सांगणार? पुढच्या आठवड्यातलं होतं ना ते! मग मी दोन्ही रेझिस्टर मुखवट्याच्या आतून, बरोबर कपाळाच्या जागी, काळ्या टेपने घट्ट चिकटवले.

दिवेलागणीला वेताळ अंगणात उतरला. कमरेला बॅटरी, डोळे लालबुंद! बायकांनी पोरं पोटाशी धरली. माझी छाती अशी फुगली, की विचारू नका.

काका एरवी हळूहळू नाचतो, गुडघे दुखतात त्याचे. थोडा वेळ तसाच नाचला. मग एक पाय झटकला. मग दुसरा. मग जी उडी मारली! गुडघे कुठं गेले, दुखणं कुठं गेलं! संबळवाल्याला चेव आला, त्याने वेग वाढवला. काका दोन्ही हातांनी मुखवटा ओढायला लागला. पण त्याच्या दोऱ्या मागे पक्क्या बांधलेल्या. आतून ओरडत होता, बाहेर नुसतं 'ऊंऊं' येत होतं.

"आला! देव आला!" भिका आजा किंचाळला.

देव सुसाट सुटला, तो थेट आमच्या अंगणात. तिथं आईचा पाण्याचा निळा ड्रम. वेताळाने मुंडकं त्यात खुपसलं, पार मानेपर्यंत.

संबळ थांबला.

भिका आजा पुढे आला. "बगा रे! देवानं पाणी दाखवलं! बोर इथंच मारायची!"

बोरचं सांगायचं राहिलंच की. पाड्याला एक बोर मंजूर झाली होती. एकच. उन्हाळ्यात आमच्या बायका दरीतल्या झऱ्यावरून हंडे चढवून आणतात, चढताना बोलायलाही श्वास उरत नाही. जमिनीतलं पाणी शोधायचं यंत्र घेऊन आलेल्या माणसाने खाली उंबराजवळची जागा दाखवली होती. आमचं अंगण म्हणजे खडक आहे, इथं काही लागणार नाही, असंही सांगून गेला होता. पण जुन्या मंडळींना तो माणूस पटला नव्हता. पँट घातलेल्या पोराला जमिनीतलं काय कळतं!

"आजा," मी म्हटलं, "ड्रममध्ये पाणी आहे हे सांगायला देव कशाला पाहिजे? आईने भरलंय ते!"

"गप! सोंगाला विचारायचं नसतं!"

घरात काकाचा मुखवटा काढला. कपाळावर दोन लालभडक डाग. मी शरमेने मरायचीच बाकी, तर मागून आवाज आला, "देवाची खूण!" माणसं रांगेने पाया पडायला लागली.

मी काकाच्या कानाशी लागले. "काका, तो चटका आहे. माझी चूक झाली. सांगून टाक ना."

काकाने एक डोळा उघडला. "सुने, गप ऱ्हा. तुजी काकी माज्या पाया पडली गं आज."

आईला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "आपल्या दारात पाणी येतंय, अन् तू कशाला तोंड उघडतेस?" हंडे वाहून वाकलेल्या तिच्या खांद्यांकडे बघून मला पुढे बोलवेना. पण बोर कोरडी गेली तर दुसरी कोण देणार होतं? मग सगळा पाडा त्याच दरीत उतरणार, आणि त्यात तीही असणारच की!

सकाळी बघते तर अंगणात हळदकुंकवाचं वर्तुळ! सगळी म्हातारी मंडळी भोवती बसलेली. बोरची गाडी खोडाळ्याहून निघाल्याचा फोनही आलेला.

मी बॅटरी आणली, दिवा आणला, तोच रेझिस्टर आणला.

"हे बघा. काकाच्या अंगात देव नव्हता, हा होता!"

भिका आजाने बोट लावून बघितलं. "गार हाय की."

"आत्ता गार आहे. थांबा जरा."

हात मोकळे राहिले तर नीट समजावता येईल, म्हणून मी तो काळ्या टेपने स्वतःच्याच मनगटावर चिकटवला. चांगले चार वेढे मारून! बॅटरी कमरेला बांधली, तारा जोडल्या आणि भाषण सुरू केलं. विजेला अडवलं की उष्णता कशी होते, पट्टे कुठून वाचायचे... ओहम म्हणजे काय इथपर्यंत पोचले, आणि मनगटाला इंगळी डसली.

आई गं! टेप निघेना. मी एक उडी मारली. मग दुसरी. बॅटरीची वायर ओढायची, एवढं साधं सुचलं नाही, इतिहासात पदवी माझी! शेवटी धावले आणि तो हात ड्रममध्ये असा खुपसला, की मागोमाग मीही अर्धी आत गेले.

बाहेर आले. केसांतून पाणी गळतंय, धापा टाकतेय. बघते तर काय? भिका आजा हात जोडून उभा. त्याच्यामागे सगळे म्हातारे हात जोडून. आणि माझी आईसुद्धा!

"हिच्या पण अंगात आलं!" भिका आजा पुढे सरला. "माय, तूच सांग आता. बोर कुठं मारायची?"

मला आठवतंय, माझ्या जिभेवर शब्द आला होता. 'उंबराजवळ.' डोळे जरा फिरवायचे, केस झटकायचे आणि एवढा एक शब्द बोलायचा. काम फत्ते. काकाने मला हळूच खूणही केली: बोल, बोल!

पण माझं टाळकं सटकलं.

"नाही सांगणार!" मी ओरडले. "हात खाली करा आधी! माझ्या अंगात काही आलेलं नाही आणि काकाच्याही नव्हतं. मी एक वस्तू उलटी वाचली आणि दोघं भाजलो. देवी म्हणून विचाराल तर मी तोंड उघडणार नाही. सुनी म्हणून विचारा, मग सांगते!"

काकाने डोक्यावरचं मुंडासं कपाळावर ओढून घेतलं. हात एकेक करून खाली गेले. भिका आजा वाकला आणि त्याने हळदकुंकवाचं वर्तुळ हाताने पुसून टाकलं.

मी वाट बघत उभी राहिले, ओलीचिंब. घाटातून बोरच्या गाडीची घरघर यायला लागली. सगळे मोठे लोक घाटाकडे बघायला लागले.

देवीला विचारायला अख्खा पाडा तयार होता हो. सुनीला मात्र कुणी काही विचारेना!