आत्याच्या ओठांवर राहिलेला उखाणा

लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. स्वतःचे एक वाक्यही कधी कोणापुढे ठेवले नाही. आणि आता जे सांगायचे आहे ते तर कोणालाच सांगितलेले नाही — घरातही नाही.

माझी आत्या वसईच्या खाडीकाठी, आमच्या गावी राहत असे. ऐन तारुण्यात विधवा झाली, शेतावर राबली, आणि उखाणे रचत राहिली. लग्न ठरलेल्या मुली तिच्याकडे येत. ती आधी विचारायची, "मानूस कसा हाय गं? हसतो, का नुसता घोरतो?" मुलगी लाजेपर्यंत ओळी तयार! वर परसातली फुलेही ओंजळीत घालायची. स्वतःच्या यजमानांचे नाव मात्र, ते गेल्यापासून, तिने कधीच उखाण्यात घेतले नव्हते. घेणार तरी कुठे? हळदीकुंकवाला तिला बोलावणार कोण?

मी बोलावले.

मनवेलपाड्याच्या नव्या घरातली ती पहिली संक्रांत. मी तिला शब्द दिला होता — माझ्या हाताने तुला कुंकू लावीन, सगळ्यांमध्ये बसवीन, आणि तू त्यांचे नाव घ्यायचेस. ती म्हणाली, "जनार्दनरावांचं नाव? अगं, जीभ गंजली असंल माझी." पण ओळी तिने रचल्या होत्या. मी विचारले, तर हसून म्हणाली, "आत्ता नाय. तवाच ऐक."

त्या दिवशी ती सकाळीच आली, जांभळ्या काठाचे ठेवणीतले लुगडे नेसून. तिळगूळ वळायला स्वयंपाकघरात बसली. दुपारी बायका जमल्या — शेजारणी, सासूबाईंच्या मैत्रिणी. मला आग्रह झाला. मी नाव घेतले:

"उन्हात सुकतं केळं, तशी वाढते त्याची गोडी;
सुधीरराव रुसले की मीच काढते खोडी."

हशा पिकला. "अगं बाई, चावटच आहे की ही! कोणी रचला गं?" एका शेजारणीने विचारले.

रचला होता आत्याने. मी म्हणाले — "मीच."

एवढ्यावरच थांबले असते तर? पण त्याच शेजारणीने स्वयंपाकघराच्या पडद्याकडे पाहिले. "आत कोण आहे गं? त्यांनाही बोलाव की कुंकवाला."

करंडा माझ्याच हातात होता. केवळ एक हाक मारायची होती. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या — आणि मी म्हणाले, "मदतीच्या बाई आहेत. त्यांना नाही चालत कुंकू."

सासूबाईंनी मला अडवले होते, असे म्हणता आले असते तर किती बरे झाले असते! त्यांनी अडवले नव्हते. मी त्यांना काही विचारलेच नव्हते.

पडदा हलला. आता ती काय बोलेल? आत्या पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. पदर कपाळावर ओढलेला, मान खाली. जिने मला अंगाखांद्यावर खेळवले, तिने सर्वांदेखत मला विचारले, "ताई, पानी देऊ का?"

माझे खोटे तिने असे सांभाळले. आणि मी? मी पेला उचलला.

संध्याकाळी निघताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "झ्याक म्हटलास हां उखाना," एवढेच म्हणाली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले; तेव्हाही तिचा तो उखाणा विचारला नाही, नंतरही नाही. आता ती नाही.

तिचे उखाणे गावातल्या मुली अजून घेतात. तो एक मात्र कोणीच ऐकलेला नाही. 'जनार्दनराव' हे नाव कागदावर लिहून मी पुष्कळदा बसते. मागेपुढे काही जुळत नाही. तुम्हाला सुचते का?