शनिवारपर्यंतची मुदत

अंबरनाथच्या बाजारात भर सभेत आम्ही तिघे बोललो की कारखान्यात कामगारांना पिवळं पाणी पाजतात आणि साहेबाचं पाणी घरून येतं. मी युनियनचा चिटणीस, अध्यक्ष मांजर्ली गावचा, खजिनदार फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात आलेला सिंधी. एक अक्षर खोटं नव्हतं. तरी साहेबाने एकेकाला बोलावून बजावलं, "शनिवारपर्यंत लेखी माफी द्या, नाहीतर चालते व्हा."

त्या दिवसापासून चहा एकत्र प्यायचो, पण डोळ्याला डोळा भिडवत नव्हतो. सिंध्याने आधीच सगळं गमावलंय, तो माफी मागणार. अध्यक्षाला तीन मुली, तोही मागणार. मनातल्या मनात मी दोघांना भरपूर शिव्या घातल्या.

सोमवारी गेटवर नोटीस लागली. तिघेही बडतर्फ! एकाखाली एक तिन्ही नावं वाचली आणि छातीवरचं ओझं उतरलं. नोकरी गेल्याचं दुःख संध्याकाळपर्यंत आठवलंसुद्धा नाही. दोघांना मिठी मारून मी ओरडलो, "गाढवांनो, नाही मागितलीत ना माफी!"

घरी येऊन खिशातला कागद चुलीत टाकला. माझा माफीनामा, सहीसकट. शनिवारी मी तो द्यायला गेलो, तर साहेब लवकर निघून गेला होता.