पाणी गाळायचा वसा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आमच्या कर्जतकडच्या गावात कुणाच्या ना कुणाच्या पायातून नारू निघायचाच. तो हातभर किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा.

एका श्रावणात शाळेतल्या गुरुजींनी आम्हा पोरांच्या हातात अक्षता देऊन नारूची कहाणी सांगितली. आटपाट नगर होतं, तिथं पायऱ्यांची विहीर होती. पाण्यात बारीक किडे, त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. वसा काय, तर दुहेरी फडक्यातून पाणी गाळून प्यावं. आम्ही ती कहाणी घरोघर सांगितली आणि आयाबायांनी वसा घेतला. गुरुजी हरखले.

श्रावण सरला, तशी बायांनी रीतीप्रमाणे उद्यापनं केली. पुरण शिजलं, फडकी हळदकुंकू लावून विहिरीत सोडली आणि पाणी पुन्हा न गाळताच भरू लागल्या. त्या पुरणाचा मला अजून राग येतो.

वर्ष उलटल्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या घोट्यातून नारू निघाला. गुरुजी बघायला आले. आई म्हणाली, "गुर्जी, वसा कडक पाळला. उद्यापन बी केलं. मग चुकलं काय वो?"

पुन्हा गुरुजींनी कहाणी सांगितली नाही. फळ्यावर नुसतं 'पाणी गाळून प्यावे' लिहायचे. आम्ही ते वळणदार अक्षरात उतरवून घ्यायचो आणि मधल्या सुट्टीत विहिरीवर ओंजळीनं पाणी प्यायला पळायचो.