मेंढरांच्या औषधात सापडलेली होडी

ती घटना आजही आठवते ती वासाने. गोचीड मरावेत म्हणून मेंढरांना ज्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात, त्याचा वास माझ्या गणवेशाला चार दिवस होता. बायकोने तो घरात घेतलाच नाही, अंगणातल्या तारेवर टांगून ठेवला.

मी तेव्हा पूर्णा नदीकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हरभरा निघून रानं मोकळी झाली होती. सकाळी हजेरी चालू असताना पुण्याची आठ माणसं ठाण्यात आली. जिंतूरकडून पूर्णा गावापर्यंत नदीतून वल्हवत जायचं आणि वाटेत काठावर तंबू ठोकून राहायचं, असा त्यांचा बेत. त्यांच्याकडे चार कॅनो होत्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांबट, हलक्या होड्या. त्यातली लाल होडी रातोरात गायब झाली होती.

"शेजारी एक मेंढपाळ उतरला होता, तो पहाटेच निघून गेला. दुसरं कोण नेणार?" त्यांचा म्होरक्या म्हणाला. मलाही ते पटलं. पहाटे गाशा गुंडाळणारा माणूस पोलिसाला कधी साधा वाटत नाही.

अकराच्या सुमारास खालच्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, नदीकाठी एक मेंढका लाल हौदात मेंढरं बुडवायलाय. असला हौद आपल्याकडं मी तर बघितला न्हाई."

गेलो तर होडी औषधाच्या पाण्याने अर्धी भरलेली. पन्नाशीचा मेंढपाळ एकेक मेंढरू त्यात बुडवत होता आणि त्याची बायको पुढचं ओढून आणत होती. मुद्देमालासह चोर सापडला म्हणून मी खूश. सगळ्या गावासमोर त्याला जीपमध्ये बसवला. त्या रात्रीपासून त्याची मेंढरं खतासाठी ज्याच्या रानात बसायची होती, तो शेतकरी तिथेच उभा होता. तो म्हणाला, "ठाण्याच्या भानगडीतली मेंढरं माझ्या रानात नकोत." पोलिसांना बघून न उतरलेला मेंढपाळाचा चेहरा हे ऐकून उतरला. एका गावाने नाही म्हटलं की पुढची गावंही नाही म्हणतात. मग शंभर मेंढरं घेऊन माणसाने जायचं कुठे?

ठाण्यात मी आवाज चढवला. "होडी कुठून उचललीस?"

"उचलली न्हाई साहेब. सकाळी मेंढरं पान्यावर नेली, तर वाहत आली. नदीतलं लाकूड ज्यानं काढलं त्याचं, असंच हाय आमच्यात. मला तर हौदच वाटला."

"पहाटे का पळालास?"

"पळालो न्हाई. त्या रानातल्या तीन रात्री भरल्या. ऊन व्हायच्या आत मेंढरं हलवावी लागत्यात."

"या दिवसांत नदीला पूर येतो का रे? होडी आपोआप वाहील कशी?"

"पानी चढलं होतं," एवढंच तो म्हणाला.

आमचे जमादार मुरलेले. ते म्हणाले, "सर, या पुण्याच्या पाहुण्यांचे फोटो तर बघा. ही मंडळी चहा पिताना बी फोटो काढत्यात." बघितले. संध्याकाळच्या फोटोत एक बाई काळ्या खडकावर चहा पीत बसल्या होत्या आणि लाल होडी शेजारी वाळूत, बिनबांधलेली. सकाळच्या फोटोत तोच खडक निम्मा पाण्यात. वरच्या धरणावर फोन लावला. रात्री पिकांसाठी नदीत पाणी सोडलं होतं आणि गावोगाव आधी कळवलंही होतं. या पाहुण्यांना ते कळायचं काही कारण नव्हतं.

"होडी वर कोणी ओढून ठेवली होती?" मी विचारलं. आठही जण एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने ओढली असेल. म्होरक्याने कान पकडले आणि तक्रार नाही असं लिहून दिलं.

माझ्या लेखी प्रकरण मिटलं. "जा मामा, मोकळे आहात," म्हणून मी स्टेशन डायरी ओढली. तर दारात त्याची बायको उभी. मेंढरं जावेवर सोपवून दोन कोस चालत आली होती.

"साहेब, नेताना गावासमोर नेलंत," ती म्हणाली. "मोकळं मात्र चार भिंतीत करायलाव. मग गावाला कसं कळावं?"

मी डायरी मिटली. इतकी वर्षं नोकरी केली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगतो, लाज वाटली.

दोघांना जीपमध्ये बसवून गावात नेलं. पारासमोर उतरवलं, त्या शेतकऱ्याला बोलावून घेतलं आणि चारचौघांत सांगितलं, "यांनी चोरी केलेली नाही. वाहून चाललेली होडी यांच्यामुळे वाचली. चूक माझी झाली."

"मग बसू द्या की रानात," शेतकरी म्हणाला. "मी कवा न्हाई म्हनलो?" माणसं अशीच असतात, त्यांच्यावर रागावून भागत नाही.

पुण्याची मंडळी होडी न्यायला नदीकाठी आली, तेव्हा मेंढपाळ म्हणाला, "न्या की. पन तीस मेंढरं राहिलीत, औषध वाया जाईल." मग काय, आठही जणांनी बाह्या सरसावल्या. मीही एक एडका धरला. त्याने अशी लाथ झाडली की मी कमरेपर्यंत भिजलो. सकाळपासून कपाळाला आठ्या घातलेली मेंढपाळाची बायको तेव्हा पहिल्यांदा पदर तोंडाला लावून हसली. माझंही मन हलकं झालं.

गावासमोर उचललेला माणूस निर्दोष निघाला, तर त्याला गावासमोरच नेऊन सोडायचा, हा नियम मी निवृत्तीपर्यंत पाळला. कायद्यात तो लिहिलेला नाही. जीप तीच घ्यायची, वेळ दिवसाउजेडीची ठेवायची आणि पारावर त्याच्याशेजारी बसून एक कप चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत गावाला काय ते कळलेलं असतं.