आजच्या लाइव्हला आवाज नव्हता

मंडळी, आज नालवाडीच्या समाजभवनातलं व्याख्यान मी मोबाइलवरून लाइव्ह दाखवलं. हे काम मी कोणाकडे शिकायला गेलो नाही, स्वतःच शिकलो. पण आज माईकची वायर मोबाइलला पूर्ण बसलीच नव्हती. शेवटपर्यंत नुसतं चित्र गेलं. रेकॉर्डिंगही तसंच, मुकं.

कमेंटमध्ये तुमचे 'जय भीम' येत राहिले, जोडलेले हात येत राहिले. मी समजलो, सगळ्यांना ऐकू येतंय.

वक्ते आपल्याच वस्तीतले, आता दिल्लीत प्राध्यापक. ते त्यांच्या शाळेतल्या गुरुजींबद्दल बरंच बोलले. गुरुजी पिपरी मेघेला अंथरुणाला खिळून आहेत, घरून लाइव्ह पाहत होते. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो.

"मले वाटलं, माह्येच कान गेले," गुरुजी म्हणाले. "काय बोलला रे तो माह्याबद्दल?"

मी सगळा वेळ चित्र सरळ आहे की नाही, तेवढंच पाहत होतो, शब्दांकडे लक्षच नव्हतं.

"बरं, चहा पिऊन जाजो," ते म्हणाले. मी प्यायलो.

आज हॉलमध्ये कोण कोण होतं? वक्त्यांचे शब्द आठवत असतील तर जसेच्या तसे खाली लिहा. उद्या सकाळी गुरुजींना वाचून दाखवायचे आहेत.