लाल शाईचा खाडा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, साताऱ्यातल्या माझ्या दोन खोल्यांच्या वकिली कार्यालयात एकदा शिस्त आली होती आणि ती दीड तास टिकली. परवा कपाट आवरताना तिची हजेरीवही सापडली, डांबरगोळ्यांच्या वासासकट. नियम दोनच होते : दहाच्या आत सही आणि सगळ्यांचे फोन आवाज बंद करून खणात, अगदी साहेबांचा, म्हणजे माझासुद्धा. पहिल्याच दिवशी दहा वाजले तरी आमच्या कारकूनबाई आल्या नाहीत. समोर कोरेगावहून आलेले म्हातारे पक्षकार बसले होते. शेताच्या दाव्यात मूळ खरेदीखत दाखल करायची त्यांना त्याच दिवशी शेवटची संधी होती, पण आमचा नंबर दुपारनंतर लागेल, अशा समजुतीत मी निवांत. त्यांच्यादेखत मी बाईंच्या नावापुढे लाल शाईने ऐटीत खाडा मांडला. साडेअकराला सहज खण उघडला, तर फोनवर बाईंचे नऊ मिस्ड कॉल! म्हाताऱ्यांना घेऊन मी कोर्टाकडे धूम ठोकली. तारखेच्या दिवशी बाई घरून थेट कोर्टात जाऊन बोर्डावरची दिवसाच्या दाव्यांची यादी वाचत, हे मी शिस्तीच्या भरात विसरलोच होतो. आमचा दावा दुसऱ्या नंबरवर आला होता. पुकारा होताच बाईंनी हात जोडून थोडा वेळ मागून घेतला होता आणि आदल्या दिवशीच पिशवीत घेतलेलं खरेदीखत छातीशी धरून त्या दारात उभ्या होत्या, माझे गळ्याला बांधायचे जास्तीचे पांढरे बँडही घेऊन. खरेदीखत दाखल झालं. ते लाल पान मी अजून फाडलेलं नाही, कारण बाहेर येताच म्हातारे भर व्हरांड्यात ओरडले होते, “आवं वकीलसायेब, बाईंचा कशाला, त्यो खाडा तुमच्या नावाला मांडा की!”