कुब्बरचे डॉल्फिन आणि अबू नासरची होडी

गेल्या महिन्यात कुणीतरी विचारलं, "काका, कुवेतमध्ये डॉल्फिन दिसतात का? आणि मासेमारीची हौस भागते का?" दोन्हीला उत्तर हो. नोव्हेंबर ते मार्च जा, थंड पाण्याचा भरपूर साठा घ्या आणि होडीवाला ओळखीचा बघा. आम्ही गेलो होतो ऑगस्टमध्ये, म्हणजे शुद्ध वेडेपणा. साल एकोणीसशे नव्वद. महिन्याचा पहिला गुरुवार. साल वाचून काहींना पुढचं कळलं असेल. आम्हाला मात्र दुपारपर्यंत काहीही कळलेलं नव्हतं.

मी तेव्हा मंगफला राहायचो आणि तेलकंपनीत पाइपिंगचं काम बघायचो. अबू नासर आमचा फोरमन, अर्दियाचा कुवेती. अंगाने आडवा आणि आवाजाने त्याहून मोठा. मुंबईच्या व्यापाऱ्यांत वावरलेल्या बापाकडून शिकलेलं मोडकं हिंदी तो अभिमानाने बोलायचा. त्याच्याकडे दोन इंजिनांची फायबरची होडी होती. कुब्बर बेटाजवळ देवमासा दिसल्याचं त्याने कुठेतरी ऐकलं आणि आठवडाभर आमचं डोकं खाल्लं. "मुहंदिस, चलो. हामूर पकडेगा, व्हेल देखेगा!" हामूर हा तिकडचा आवडता मासा; मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, म्हणजे मी.

तिसरा सावंत. वेंगुर्ल्याचा, आमचा इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. मासेमारी म्हटल्यावर तो उड्या मारेल असं वाटलं होतं, तर त्याने भलतंच काढलं. "नारळी पुनव जावची आसा अजून. तेच्या आधी मी दर्यात गळ टाकूचंय नाय."

"अरे, हा आपला समुद्र नाही. इथे पाऊसही नाही."

"दर्यो एकच," तो म्हणाला. "मी येतंय. पण बघूक."

घरचा प्रश्न होता. माझी बायको सुनंदा सरकारी हॉस्पिटलात नर्स, तिची सकाळची ड्यूटी. मुलगी केतकी चार वर्षांची. तिला समोरच्या फ्लॅटमधल्या मल्याळी मेरीचेचीकडे ठेवायचं ठरलं. "दुपारच्या जेवणाला घरी असशील ना?" सुनंदाने दोनदा विचारलं, आणि मी दोनदा हो म्हणालो. पहाटे झोपलेल्या केतकीला उचलून मेरीचेचीच्या कॉटवर ठेवलं आणि फिंतासच्या धक्क्याकडे निघालो.

फिंतासहून कुब्बर साधारण तासाभराचं. बेट म्हणजे वाळूचा एक चपटा गोळा, वर खुरटी झुडपं आणि सुरय पक्ष्यांचा कलकलाट. पाणी इतकं स्वच्छ की खालचं प्रवाळ दिसतं. उन्हाळ्यात समुद्र सकाळी सपाट असतो, पण ऊन वर आलं की लोखंडी भाग धरवत नाही. टोपी, लांब बाह्यांचा शर्ट आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी विसरू नका. आमच्याकडे सुनंदाने दिलेली थालीपिठं होती. अबू नासरने गरम खुबूस रोट्या आणि चीज आणलं होतं, पण तो थालीपिठंच खात राहिला.

मी आणि अबू नासर गळ टाकून बसलो. सावंत नारळ घेऊन आला होता. तो हळदकुंकू लावून त्याने समुद्रात सोडला आणि दुर्बीण घेऊन टपावर जाऊन बसला. अबू नासरला हा प्रकार काही केल्या पटेना. "फिशरमॅनका बेटा, और फिश नही पकडेगा?" तो पोट धरधरून हसला.

दोन विमानं अगदी खालून, कानठळ्या बसवत दक्षिणेकडे गेली. "प्रॅक्टिस," अबू नासर म्हणाला. आम्ही मान डोलावली. एक बऱ्यापैकी हामूर लागला. आणि मग डॉल्फिन आले. पाठीवर उंचवटा असलेले, करडे, पाच-सहा असतील. एक पिल्लू आईच्या बगलेला चिकटून होतं. होडीखालून जाताना त्याने कूस वळवून वर पाहिलं, आणि मी चक्क ओरडलो, "केतकी, बघ!" ती तिथे नव्हती. तिला आणायला हवं होतं असं मनापासून वाटलं. देवमासा दिसला नाही, पण त्याची खंत कुणाला नव्हती.

सावंत मात्र डॉल्फिनांकडे बघतच नव्हता. त्याची दुर्बीण उत्तरेला होती.

"ह्ये लोक मासे पकडूक नाय इले," तो म्हणाला.

मी पाहिलं. होड्या. एक, मग चार, मग मोजता येईनात. सगळ्या एकाच दिशेला, खाली सौदीकडे, फुल वेगात.

"एकाच्याय हातात गळ नाय," सावंत म्हणाला. "आणि बायका-पोरां आसत."

आम्ही गळ टाकत बसलो होतो, म्हणून दिसलं नव्हतं. गळ न टाकणाऱ्यालाच दिसलं. जवळून गेलेल्या एका होडीत काळ्या अबायातली म्हातारी सुटकेसवर बसली होती. पायात चपला नव्हत्या. अबू नासरने हाका मारल्या, पण कुणी थांबेना. शेवटी एक मोठी होडी वळून आमच्याकडेच आली. ती अबू नासरच्या धाकट्या भावाची होती. त्यात त्याची माणसं होती, आणि अबू नासरची बायको आणि तिन्ही मुलंही. भाऊ त्याला शोधतच आला होता.

अरबी मला कामापुरतं येतं. इराकी रणगाडे शहरात आलेत, एवढं समजलं. पुढचं समजायचं होतं, पण डोकं चालेना. रणगाडे कसे येतील? काल तर आम्ही ओव्हरटाइमवरून भांडत होतो. मी मूर्खासारखा हातातल्या हामूरकडे बघत राहिलो. तो अजून तोंड उघडझाप करत होता.

"सौदीला, खफजीला चल," भाऊ म्हणत होता. "आत्ता. किनाऱ्यावर उतरलास तर पुन्हा निघता येणार नाही."

अबू नासरने बायकोकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. त्याचं सगळं जग त्या होडीत होतं, आणि किनाऱ्यावर आता त्याचं कुणीच नव्हतं. माझी मात्र चार वर्षांची मुलगी मेरीचेचीकडे होती, आणि तिची आई शहराच्या मधोमध हॉस्पिटलात.

परत फिर असं त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? होडी त्याची, मुलं त्याची. सावंतच म्हणाला, "आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आसत. सौदीत आमका कोण घेतलो?" पण त्याच्या मनातही पासपोर्ट नव्हता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

अबू नासरने मला विचारलं, "बेटी किधर?"

"मंगफ. पडोसीके पास."

तो भावाशी बोलला. यावेळी आवाज मोठा नव्हता. भाऊ चिडला, बायको उठून उभी राहिली. त्याचं एकच वाक्य मला नीट कळलं: "ते माझे पाहुणे आहेत. जिथून आणलं तिथे पोचवतो, मग येतो." पाहुण्याला घरून आणलं की सुखरूप घरी पोचेपर्यंत तो यजमानाच्या गळ्यात, ही त्यांची रीत मी जेवणावळीत पाहिली होती. तेव्हा ती गाडीपर्यंत सोडायला येण्याएवढीच होती. त्याची बायको एकदा काहीतरी ओरडली, आणि त्याने दोन्ही इंजिनं सुरू केली.

होडी फिंतासकडे परत वळली. उत्तरेला धुराचा खांब उभा होता. फिंतासचा धक्का रिकामा होता, हमरस्त्यावर सैनिक आल्याचं पहारेकऱ्याने सांगितलं. अबू नासरने दोर बांधलाच नाही. मी त्याचा हात धरला, आत चल म्हणालो, माझ्या घरी राहा म्हणालो. "वो लोग रुका है मेरे लिए," तो म्हणाला आणि हामूर माझ्या हातात कोंबला. "बच्चीको खिलाओ."

सावंतबरोबर मंगफला पोचलो तेव्हा केतकी मेरीचेचीच्या दारात बसून डाळभात खात होती. मी तिला उचललं ते खाली ठेवलंच नाही. सुनंदा काही दिवसांनी एका ॲम्ब्युलन्समधून घरी आली. पुढे आम्ही सगळे बसने बगदाद, तिथून अम्मान, मग मुंबई. तो प्रवास वेगळा आहे आणि त्यात डॉल्फिन नाहीत.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात कंपनीने मला परत बोलावलं. विहिरी पेटलेल्या होत्या, भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागत. कामावर गेल्या गेल्या अबू नासरला विचारलं. तो खफजीला पोचलाच नव्हता. होडी कुणी पाहिली नव्हती, तो कुठल्या तुरुंगातही सापडला नव्हता. ऐकलं आणि तिथेच जिन्यात बसलो. वर्षभर मी त्याला सौदीत, मुलांच्या घोळक्यात, मोठ्या आवाजात बोलताना पाहत होतो.

अर्दियाला त्याच्या घरी जायची हिंमत मी कशीबशी गोळा केली. सांत्वनाची चार अरबी वाक्यं पाठ केली होती. त्याच्या बायकोने, उम्म नासरने, दार उघडलं आणि मला लगेच ओळखलं. ती आता शिव्या देईल, आणि तो तिचा हक्कच आहे, अशा तयारीने मी उभा होतो.

"मुलगी?" तिने विचारलं. "मुलगी मिळाली?"

मी हो म्हणालो. पाठ केलेलं सगळं विसरलो. ती वळून आत ओरडली, आणि आतून सासू, मुलं, दीर सगळे बाहेर आले. मुलगी मिळाली, मुलगी सुखरूप आहे, असं ती एकेकाला सांगत होती. त्या घरात वर्षभर माझ्या मुलीची चौकशी चालली होती.

वर्ष सरता सरता सुनंदा आणि केतकी कुवेतला परतल्या. पहिल्याच शुक्रवारी आम्ही तिघं अर्दियाला गेलो. उम्म नासरने केतकीला जवळ ओढलं, तिचे हात, गाल, केस चाचपून पाहिले, तिला मांडीवर घेतलं आणि मग रडायला लागली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच रडतेय, असं दीर म्हणाला. केतकी घाबरून माझ्याकडे बघत होती, पण मांडीवरून उतरली नाही.

घरी येताना गाडीत तिने विचारलं, "त्या काकू मला धरून का रडल्या?"

सुनंदा म्हणाली, मोठी झालीस की सांगू. मी गाडी बाजूला घेतली आणि पाच वर्षांच्या मुलीला सांगू नये असं सगळं तिला सांगितलं.